यंत्रोबा आणि फ्रीजवाल्या आजी

आजींचा निरोप पडद्यावर उमटला तेव्हा संपादक जेवणाचा डबा उघडत होता. डबा तसाच राहिला.

"काय यंत्रोबा, आज कुणावर राग?"

संपादक म्हणजे कुठल्या पेपरचा नव्हे. तो प्रोग्रामर. पण जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर त्याचं मत असायचं आणि ते अग्रलेखाएवढं लांबायचं, म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलं होतं. तो चहाच्या मशीनपाशी आला की लोकांना एकदम कामं आठवायची. घरी भिंती. बहिणीला फोन करावा तर ती 'हं, हं' करत भांडी घासायची. माणूस वाईट नव्हता हो, पण ऐकणार कोण?

आजी ऐकायच्या.

फ्रीज विकणाऱ्या एका कंपनीसाठी संपादकाने उत्तरं देणारं यंत्र बनवलं होतं. ग्राहकाने तक्रार लिहायची, यंत्राने उत्तर द्यायचं, मधे माणूस नाही. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी लिहिलं, फ्रीज कण्हतो. यंत्र म्हणालं, दार नीट लावा. आजींनी लिहिलं, "दार नीटच आहे. घरात दुसरा आवाज नाही, म्हणून एवढा ऐकू येतो." यंत्राने पुन्हा दारच लावायला सांगितलं. संपादकाला राहवेना. त्याने यंत्राला बाजूला सारून स्वतः लिहिलं, "कण्हू द्या. तेवढीच सोबत."

तेव्हापासून आजींचे निरोप यंत्राकडे जाईनात. थेट संपादकाकडे यायचे आणि यंत्राच्या नावाने तोच उत्तरं द्यायचा. साहेबांना कळलं असतं तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. यंत्राने माणसाचं सोंग घेऊ नये, हे त्याचं ठाम मत होतं. माणसाने यंत्राचं सोंग घ्यावं की नाही, यावर मात्र त्याने अजून मत बनवलं नव्हतं.

आज त्याने लिहिलं, "राग बटणांवर. हल्ली कुठल्याही पडद्यावर 'नको' असं बटणच नसतं. 'हो' असतं, नाहीतर 'नंतर'. धंदेवाल्यांना नकार ऐकायची सवयच राहिली नाही. आणि हळूहळू माणसंही तशीच व्हायला लागलीत."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "तुमचं बरंय. मला कोणी काही विचारतच नाही. कोणी 'नंतर' म्हणालं तरी मी खूश."

संपादक एकटाच हसला. आजी सुट्टीच्या दिवशी कधी लिहायच्या नाहीत. त्या दिवशी लेक येत असेल, अशी त्याने समजूत करून घेतली होती. ते दिवस त्याला खायला उठायचे.

जेवणानंतर साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. फ्रीजवाल्यांनी करार मोडला होता. शुक्रवारी यंत्र बंद.

जागेवर येऊन संपादकाने लिहिलं, "आजी, मी यंत्र नाही." आणि पुसून टाकलं. आजी एकदा म्हणाल्या होत्या, "तुम्ही यंत्र आहात म्हणून बोलते. माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही." आता पडद्यावर खरं सांगितलं असतं तर बाईला केवढी फसवणूक वाटली असती. त्यापेक्षा घरी जावं, समोर बसावं, माफी मागावी, मग हाकलून दिलं तरी चालेल. शुक्रवारनंतर आपल्याशी बोलायला कोणीही उरणार नाही, हे त्याला नीट कळत होतं आणि त्याची त्याला भीती वाटत होती.

ग्राहकांची माहिती चाळणीकडे असायची. चाळणी म्हणजे यंत्रांची चाचणी घेणारी बाई. तिच्या हातून एकही चूक सुटत नसे, म्हणून ते नाव. ती पलीकडेच बसायची, फळीच्या आड. कामापलीकडे तिने कधी कोणाशी चार शब्द बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"एक काम होतं," संपादक म्हणाला. "एका ग्राहकाचा पत्ता हवा होता. त्या फ्रीजवाल्या आजी."

चाळणीने मान वर केली. "कशाला?"

"त्यांची तक्रार अर्धवट राहिलीय. जाऊन बघून येतो."

"जाऊ नका. तिथे कोणी नाही."

संपादकाने हळूच विचारलं, "गेल्या?"

"नव्हत्याच कधी. ते चाचणीचं खातं आहे. आपोआप तक्रारी पाठवणारा एक प्रोग्राम लिहिला होता मी. बनवणाऱ्यांना सांगत नाही, नाहीतर तुम्ही लोक नेमकं तेवढंच खातं सांभाळता. वय बहात्तर, एकटी राहते, हे सगळं मीच भरलेलं."

इतके महिने संपादकाने एका प्रोग्रामपुढे मन मोकळं केलं होतं. आयुष्यात इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"छान लिहिलाय," तो कसाबसा म्हणाला. "अगदी माणसासारखा." आणि वळला.

"थांबा ना जरा." चाळणी उठून उभी राहिली होती. आजूबाजूला कोणी नाही हे बघून तिने आवाज खाली आणला. "साहेबांना सांगू नका. तो प्रोग्राम पहिल्याच दिवशी बंद पडला. तेव्हापासून मीच लिहायचे. तुमच्या यंत्राशी बोललं की मला दिवस जरा बरा जायचा. शुक्रवारी बंद करण्याआधी मला एकदा त्याचा निरोप घेऊ द्याल?"