रेषेबाहेरचा पाय

“मॅलाकीने असं काय म्हटलं, की तुम्ही थेट ठोसाच हाणला?” न्यायाधीश लॉर्कन हॅसेट यांनी विचारलं.

आरोपी होता डिनी ट्वोमी, गावचा खाटीक, वय वर्षं एकाहत्तर. त्याने मान खाली घातली. “चारचौघांत सांगण्यासारखं नाही, जज्जसाहेब.”

“सांगा. या कोर्टाने याहून घाण ऐकलंय.”

“तो म्हणाला, तुमचा पाय बाहेर होता.”

मागच्या बाकावरच्या एका बाईने छातीवर क्रूस काढला.

कुठला पाय आणि कशाच्या बाहेर, हे किलब्रॅक गावात पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. हॅसेट आयर्लंडकडून रग्बीचा एकच आंतरराष्ट्रीय सामना खेळले. डब्लिनला, वेल्सविरुद्ध. शेवटच्या मिनिटाला चेंडू पोटाशी कवटाळून ते बाजूच्या रेषेला खेटून जे सुटले, ते थेट वेल्सच्या कोपऱ्यात चिखलात आपटले. चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकला, म्हणजे ट्राय झाली, गुण मिळाले, आयर्लंड जिंकलं. पुढे ते वकील झाले, न्यायाधीश झाले. पण त्यांचा एकही निकाल गावाच्या लक्षात नाही. ज्यांचे परवाने त्यांनी काढून घेतले, तेसुद्धा पबमध्ये छाती फुगवून सांगतात, “ज्या हाताने वेल्सला गाडलं ना, त्याच हाताने माझं लायसन गेलं.” तो सामना बघायला गावातून एकच बस गेली होती. आज ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्यांना बसवायला सहा बस लागतील.

आणि मॅलाकी क्रो? तो तर खरोखरच तिथे होता. नेमका त्याच रेषेवर, हातात झेंडा घेऊन. त्या काळी दोन्ही देश आपापला एकेक झेंडेवाला पंच द्यायचे. चेंडू घेतलेल्या खेळाडूचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला की झेंडा वर, आणि ट्राय बाद. मॅलाकी आयर्लंडचा होता. झेंडा खालीच राहिला.

आता तो नाकाला पट्टी लावून साक्षीला बसला होता. डिनीच्या ठोशाने त्याची कवळी उडून दुसऱ्याच कुणाच्या तरी बिअरमध्ये पडली होती, आणि त्या गृहस्थाने वेगळी तक्रार केली होती.

“इतकी वर्षं गप्प का बसलात हो, आजोबा?” डिनीच्या वकीलबाई ग्रान्या लाफी यांनी गोड आवाजात विचारलं.

“गप्प कुठे, पोरी? दर ईस्टरला फादरसमोर कबुली देतो. फादर म्हणतात, हे पाप नाही, देशसेवा आहे, पुढचं सांग. शेवटी म्हटलं, पबात सांगून बघावं.”

सगळे हसले. हॅसेट हसले नाहीत.

“मुद्दा सरळ आहे, जज्जसाहेब,” लाफीबाई म्हणाल्या. “मॅलाकी खरं बोलला असेल, तर एका म्हाताऱ्याला खरं बोलल्याबद्दल मार बसला. खोटं बोलला असेल, तर माझ्या अशिलाला मुद्दाम डिवचलं गेलं, त्याला सोडून द्या. आणि तो खोटंच बोललाय, हे काय मी तुम्हाला सांगायचं?”

पोलीस सार्जंट खाकरला. “हवं तर दुसऱ्या जज्जसाहेबांकडे पाठवू या का केस?”

पाठवता आली असती. पण दुसरा जज्ज सगळ्यात आधी साक्षीला कुणाला बोलावणार? हॅसेटनाच. इथे निदान बायबलवर हात ठेवायला कुणी सांगत नव्हतं. ‘खोटं’ एवढा एकच शब्द उच्चारायचा. डिनी घरी जाईल, मॅलाकी गप्प होईल, आणि गावातल्या दंतवैद्याच्या भिंतीवर लावलेला त्या ट्रायचा फोटो जिथल्या तिथे राहील.

पण त्या दिवशी बुटाखाली रेषेचा ओला चुना लागला होता, आणि चुन्याच्या पलीकडचं गवतही. शपथ घेऊन थापा मारणाऱ्यांना त्यांनी याच खुर्चीवरून आयुष्यभर झाप झाप झापलं होतं.

“मॅलाकी खरं बोलतोय,” ते म्हणाले. “माझा पाय बाहेर होता. मला तेव्हाच कळलं होतं. ट्वोमी, तुम्ही दोषी आहात. कोर्टातल्या गरिबांच्या मदतपेटीत पन्नास युरो टाका.”

झालं. छातीवरचा धोंडा उतरला. आता आरडाओरडा होईल, कुणी थुंकेल, कुणी रडेल. ते सगळ्याला तयार होऊन बसले.

कुणी काहीच केलं नाही. आजारी माणसाकडे बघावं तसं सगळे त्यांच्याकडे बघत होते. क्रूस काढणाऱ्या बाईने तर चुकचुक केलं.

डिनीने टोपी डोक्यावर चढवली आणि तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “पैसे टाकतो, जज्जसाहेब. पण पुन्हा असं कुठे बोलू नका. तेव्हा तुमचं तोंड चिखलात होतं. मॅच आम्ही पाहिली.”