मागची घंटी

समुद्राकाठचा रस्ता जंगलात वळला. पुढे रस्ता उखडलेला दिसताच निवृत्त पोस्टमास्तर सवयीने ओरडले, "खड्डा!"

मागून एकदा घंटी वाजली.

दरवर्षीच्या सायकलफेरीत दोघांचा हाच रिवाज होता. पुढून ते सांगायचे, मागून बायको ऐकल्याची घंटी द्यायची. यंदा ते एकटेच निघाले होते. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिची सायकल घरी भिंतीला टांगलेली होती.

वळून पाहावं, तर रिकामा रस्ता दिसेल, याचीच त्यांना भीती वाटली. पण खात्री तर करायची होती. पुढच्या खड्ड्याला ते मुद्दाम गप्प राहिले.

मागे चाक धाडकन आदळलं.

"अहो, रागावलात का?"