भलतीकडेच उडी

“पुन्हा तिथेच!” भिंगरीने टेबलावर असा हात आपटला की मावशीचा चष्मा टुणकन उडून कीबोर्डवर पडला.

आता यात भिंगरीची काय चूक? नववीतल्या या पोरीने अख्खा रविवार मावशीच्या एडिटरला, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरला, एक साधी गोष्ट शिकवण्यात घालवला होता. प्रोग्राममधल्या कुठल्याही नावावर कर्सर ठेवायचा, एक बटण दाबायचं, की ते नाव मुळात जिथे लिहिलंय तिथे थेट उडी. बस्स! शाळेच्या कॉम्प्युटरवर तिने हे एकटीने जमवलं होतं आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. पण मावशीचा एडिटर अस्सल आडमुठा. ‘उशीर मोजा’ या नावावरून उडी मार म्हटलं, की पठ्ठ्या मावशीच्या नव्या फाइलीत जायचाच नाही. ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये शिरून तिथल्या एका मेलेल्या, वापरात नसलेल्या फाइलीत ठाण मांडून बसायचा.

“ती मेलेलीच आहे ना नक्की?”

“साहेब म्हणालेत, त्या फोल्डरकडे ढुंकूनही बघू नका. नुसतं जपून ठेवलंय.”

मावशीला दहा वर्षांनी पुन्हा नोकरी लागली होती. काम बसथांब्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांच्या प्रोग्रामचं. गाडी कितीही रखडू दे, फलक आपला म्हणायचा ‘दोन मिनिटांत’, आणि खाली माणसं ताटकळत उभी. हा खोटारडेपणा मावशीने दुरुस्त करायचा होता. लागल्यापासून ती तेच करत होती. लिहायची, खोडायची, परत लिहायची. फलक ढिम्म! “दहा वर्षांत डोकं गंजलं गं माझं,” असं ती आधी हसत हसत म्हणायची. हल्ली नुसतंच म्हणायची.

म्हणून तर भिंगरी हट्टाला पेटली होती. तिने सेटिंगची फाइल उलटीपालटी केली. एडिटर तीनदा बंद करून उघडला. शेवटी ‘जुने’कडे अजिबात बघायचं नाही, असं त्याला खडसावून सांगितलं आणि बटण दाबलं.

एडिटर म्हणाला, ‘या नावाचं काही सापडलं नाही.’

“अरे, समोर उघडी आहे की फाइल! काखेत कळसा नि गावाला वळसा!”

“मशीनशी काय भांडतेस? अगदी आईवर गेलीस. ती पण मिक्सरला शिव्या देते.”

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मावशीने तो स्पीकरवर ठेवला.

“झालं का हो? उद्या वरच्यांना दाखवायचंय.”

“बघतेय, सर.”

“कधीपासून बघताय! पालथ्या घड्यावर पाणी चाललंय तुमचं. जमत नसेल तर तसं सांगा ना बाई, दुसऱ्या कुणाला तरी देतो.”

फोन बंद झाला. मावशी ओढणीने चष्मा पुसत बसली. चष्मा चांगला स्वच्छ होता.

“उद्या सांगूनच टाकते.”

“काय सांगणार आहेस?”

“नाही जमत म्हणून. त्यांनी काढण्यापेक्षा आपण निघालेलं बरं.”

भिंगरीच्या डोक्यात तिडीकच गेली. साहेबांना काही बोलता येत नव्हतं. मावशीवर ओरडवत नव्हतं. मग तिने मावशीची फाइल उघडली, बरोबर मधोमध कर्सर ठेवला आणि खाडखाड लिहिलं: ‘बावळट गाढवा इकडे बघ ना’.

“अगं ए! वाट लावशील सगळ्याची!”

“लागू दे! निदान बंद तरी पडेल मेला. दोन मिनिटं, दोन मिनिटं! कान किटले माझे!”

तिने फाइल सेव्ह केली आणि प्रोग्राम चालवला. एवढासा स्वल्पविराम चुकला तरी प्रोग्राम गडगडतो. इथे तर अख्खं गाढव घुसलं होतं.

पडद्यावरच्या चाचणीच्या फलकाने शांतपणे सांगितलं, ‘दोन मिनिटांत’.

भिंगरी पडद्यावर वाकली.

“मावशी, हे चाललं कसं?”

मावशीने चष्मा लावला. लॅपटॉप आपल्याकडे ओढला. ‘जुने’मधली ती मेलेली फाइल उघडली आणि त्यातलं एक, फक्त एक अक्षर पुसलं. प्रोग्राम धाडकन कोसळला.

भिंगरी ताडकन उभी राहिली. “म्हणजे बटण बरोबरच उडी मारत होतं! सकाळपासून! ही मेलेलीच सगळीकडे चालतेय आणि तुझी फाइल कुणी उघडतच नाहीये, मावशी! कधीच उघडली नाही!”

 पुसलेलं अक्षर मावशीने परत घातलं. मग आपल्या कामाचा सगळा इतिहास पडद्यावर आणला. खोडलेलं प्रत्येक अक्षर तिथे तारीखवार साठून होतं. ती भराभर खाली सरकत गेली. एके ठिकाणी थांबून तिने चार-पाच ओळी उचलल्या आणि ‘जुने’मधल्या फाइलीत आणून ठेवल्या. चाचणीतली गाडी मुद्दामच अकरा मिनिटं लांब ठेवलेली होती.

फलक क्षणभर कोरा झाला. मग उमटलं, ‘अकरा मिनिटांत’.

भिंगरी खुर्चीवर चढून नाचायलाच लागली. “लाव! लाव फोन साहेबांना! आणि काय गं, कुठली आवृत्ती घातलीस? कालची ती लांबलचक?”

“नाही.” मावशीने पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. “पहिल्या दिवशीची. तेव्हा मी अजून घाबरायला लागले नव्हते.”