जवारीतले रोही

रंजनानं झाकण जेवणाच्या डब्यावर आपटलं आणि बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "हाऽऽड! हाऽऽड!"

अभयारण्याच्या पाणवठ्यावर आलेले रोही बिचकले. तोवर सहलीला आलेली पहिलीतली बाकीची पोरंही सुरू झाली होती. कुणी टाळ्या, कुणी डबे, कुणी नुसतंच कोकलणं. भीमपूरकडच्या पोरांना रोही दिसले की काय करायचं हे शिकवावं लागत नाही. जवारीत रोही शिरले की सगळं घरदार हेच करतं. पाणवठा मोकळा झाला. रंजना वळून आईकडे, भागीरथेकडे बघून हसली. शेतात अशा वेळी ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवायची.

या वेळी हात आला तो खाकी बाहीचा. रखवालदारानं तिचं बखोट धरून तिला गदागदा हलवलं.

"सरकार का जानवर है. भगाती क्या?"

मागे हैदराबादहून मोटारीनं आलेले एक साहेब गळ्यातला कॅमेरा सावरत उभे होते. "सुबह से बैठा था. एक नीलगाय का फोटो नहीं मिला," ते म्हणाले. एवढं पुरलं. रखवालदाराला आणखीच चेव आला.

"साब को सॉरी बोल. कान पकड."

भागीरथा शाळेच्या या सहलीला पोरीच्या हट्टापायी आली होती. तिनं पुढं होऊन बखोट सोडवलं. "लेकराले हात नको लावू. तुह्या सरकारचे रोही रोज आमची जवारी चरून राह्यले. तवा कुठं असते तुहं सरकार?"

रखवालदाराला मराठी चांगली समजत होती. आदिलाबादेत कुणाला समजत नाही? पण ऐकलंच नाही असं तोंड करून तो गुरुजींकडे वळला. "मास्तर, सबको बाहर निकालूँ?"

वामनराव गुरुजींचा चेहरा उतरला. "मागू द्या ना बाई माफी. लेकरायची सहल हाय. कान धरल्यानं काय जाते?"

भागीरथेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरं तिच्याचकडे बघत होती. त्यांना अजून वाघ पाहायचा होता. ती काही बोलायच्या आत रंजनानं कान धरले आणि "सॉरी" म्हणाली. साहेब कौतुकानं हसले. त्या हसण्याची भागीरथेला सगळ्यात जास्त चीड आली.

दिवस मावळताना मायलेकी फाट्यावर उतरून आपल्या शेताच्या बांधानं निघाल्या. जवारीत रोही उभे होते, कणसं ओरबाडत. भागीरथा थांबली, पोरीच्या आरोळीची वाट बघत.

रंजनानं डबा वाजू नये म्हणून पोटाशी आवळून धरला. "आई, हळू चाल," ती कुजबुजली. "सरकारचे हायेत."

भागीरथेनं डबा हिसकावला, दगड उचलला आणि बडवायला सुरुवात केली. डब्याला पोचे पडले तरी तिचा हात थांबेना. ती ओरडत होती रोह्यांवर, त्या खाकी बाहीवर, गुरुजींवर, आणि तिथं माफीच्या वेळी न फुटलेल्या स्वतःच्या तोंडावरही. रोही उड्या घेत नाल्यापलीकडे गेले.

धापा टाकत ती वळली. रंजना बांधावर कान धरून उभी होती.