खालची ओळ

गहिनीनाथचं बुबुळ शंकूसारखं पुढं आलेलं. चष्मा लावूनही त्याला एका माणसाची दोन-दोन माणसं दिसायची. खर्ड्याच्या स्टँडजवळ नवरा-बायकोची भज्यांची गाडी होती. तिथं गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचं काम त्याचं आणि कांदा चिरायचं काम चांगुणाचं, कारण लग्न झाल्यापासून त्याचं एकच म्हणणं, "माज्या डोळ्यांला कांदा सोसत न्हाई."

सावेडीतल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी वाटीसारखी मोठी लेन्स सलाईनच्या पाण्यानं काठोकाठ भरली, त्याला मान खाली घालायला लावली आणि अलगद डोळ्यात बसवली. मग दुसरी. गहिनीनाथनं समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचून दाखवली. चांगुणाला रडूच फुटलं.

मॅडमही हेलावल्या. "आता काळजी करू नका, ताई. लेन्सनं बुबुळ पूर्ण झाकलंय. यांच्या डोळ्यांना धूळ लागणार नाही, वारा लागणार नाही."

चांगुणानं पदरानं डोळे टिपले. "आन् कांद्याची झळ?"

"तीसुद्धा नाही."

"लई उपकार झाले, मॅडम! परवा कांदेनवमी हाय. सगळं गाव भजी खायला गाडीवर येतंय, आन् दोन गोन्या कांदा घरात तसाच पडलाय."

गहिनीनाथ अजून तक्त्याकडंच बघत होता. त्यानं हळूच डोळे किलकिले केले.


"मॅडम, ती खालची ओळ... परत पुसट दिसाया लागली बगा."