अगदी शांत घर

"घर अगदी शांत आहे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चोरून घड्याळाकडे बघितलं. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाई निवृत्तीनंतर बिनदिक्कत थाप मारत होत्या.

घर बघायला आलेलं जोडपं हरखून गेलं होतं. ती दातांची डॉक्टर, तो कोर्टात टंकलेखक. दोघांची कामाची ठिकाणं हाकेच्या अंतरावर. शहराच्या ऐन मध्यावर, जुन्या गल्लीत, दगडी पायऱ्यांचं आणि लाकडी जिन्याचं असं घर पुन्हा मिळायचं नाही, हे दलालाने सांगायची काही गरज नव्हती. तरी तो सांगत होताच.

आधीची दोन गिऱ्हाइकं भिंतीपलीकडच्या रेडिओने पळवली होती. वडिलांनी मधोमध भिंत घालून घर दोघी मुलींत वाटून दिलं, त्यात बाईंना जिना मिळाला आणि धाकटीला सज्जा. एकीला वर जाऊन बघायला काही नाही, दुसरीला बघायला आहे तर वर जायला शिडी. तेव्हा बिनसलं ते बिनसलंच. बोलणं बंद झालं. धाकटी निवृत्त परिचारिका. रोज सकाळी ती गल्ली दणाणेल असा रेडिओ लावायची. बाई लाकडी पट्टीने भिंत ठोकायच्या. मग धाकटी आवाज आणखी वाढवायची.

या जाचातून बाईंना एकदाचं सुटायचं होतं. लांबच्या नव्या वस्तीत त्यांनी लिफ्टवालं घर हेरून ठेवलं होतं. आजचा सौदा जमला की गंगेत घोडं न्हालं.

डॉक्टरणीने भिंतीवरच्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं आणि हे कशाचे म्हणून विचारलं. खिळे होते तिथे, असं बाईंनी सांगून टाकलं. एकदा सवय झाली की थापा आपोआप सुचतात.

रेडिओची वेळ झाली. बाईंनी श्वास रोखला. पलीकडे चिडीचूप.

टंकलेखकाने खिडकीशी आपल्या खुर्चीची जागाही ठरवून टाकली. बाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण काही केल्या वाटेना. तापाने फणफणलेली असतानासुद्धा धाकटीने कधी रेडिओ चुकवला नव्हता. त्यांनी पट्टी उचलली आणि भिंतीवर हलकेच टकटक केली. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. पलीकडून काही नाही. बाईंनी जोरात ठोकलं. तरी काही नाही.

यांना घर पसंत आहे, बयाणा आजच देतो म्हणतात, असं दलाल त्यांच्या कानाशी लागला. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "आलेच" म्हणून त्या पट्टीसकट रस्त्यावर आल्या. धाकटीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

धाकटी धडधाकट होती. रेडिओ मांडीवर घेऊन, बटणावर हात ठेवून ती वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी बसली होती. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि पाठोपाठ रागही. रेडिओ का बंद आहे, असं त्यांनी तिला दरडावून विचारलं.

"दलाल म्हणाला, आज माणसं यायचीत." धाकटीने मान वर केली नाही. "दोनदा मोडता घातला गं ताई. पण तुला जायचंच आहे, तर मी किती दिवस आडवी येऊ?"

बाई तिच्या शेजारी पलंगावर टेकल्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत आल्या नव्हत्या.

"लाव तो," बाई म्हणाल्या. "मोठ्याने लाव. ती माणसं अजून गेलेली नाहीत."