घोड्यावरची बया
आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दुपारभर नातीच्या कॉम्प्युटरपुढे बसतात आणि मी आले की पडद्यावर फडकं टाकतात. जन्मभर इंजिन चालवलेला माणूस काय लपवतो? आज चहा द्यायच्या निमित्तानं मागून पाहिलं. घोड्यावर एक बाई, कमरेला तलवार! "कोण ही?" हे फडकं शोधू लागले. नात हसली. "आज्जी, गेममधलं जादूचं राज्य! राजाचं काम करा, नाहीतर मर्जीनं जंगलात भटका. आपलं पात्रही आपणच घडवायचं." म्हणजे ही बया ह्यांनीच घडवली! मी चष्मा लावला. हनुवटीवर तीळ, माझ्यासारखाच. हे पुटपुटले, "रुळांवर आयुष्य गेलं, तुला कुठे नेलं नाही. इथे रूळ नाहीत, म्हणून तुला हिंडवतो." मी कप आपटला. "हिचे केस काळेभोर, म्हणजे ही मी नव्हे. उतरवा तिला आणि इथून जवळचंच, तरी कधी न पाहिलेलं बरुआसागरचं तळं मला दाखवा, बसनं, आजच!"